शब्दचर्चा: ‘फोर व्हील स्टीअरिंग’ला मराठीत काय म्हणावे, आणि खेळातल्या गाडीत त्याने नेमके काय बदलते?

प्रश्न (कोथरूड, पुणे)

मोटारशर्यतींच्या व्हिडिओ खेळांवर मी मराठीत एक सविस्तर लेख लिहीत आहे. त्यात ‘फोर व्हील स्टीअरिंग’ या शब्दापाशी अडखळायला होते. आमच्या खेळाडू मित्रमंडळींत ‘फोर व्हील’ म्हटले की निम्म्यांना चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी आठवते, आणि चारही चाके वळणारी गाडी मागेच राहते. शिवाय एकाच गाडीबद्दल एक जण म्हणतो की ती वेगात अगदी स्थिर राहते, तर दुसरा म्हणतो की ती मागून फिरते, आणि दोघेही कारण म्हणून हाच शब्द वापरतात. ‘चतुश्चक्र सुकाणू’ असा शब्द मी योजला आहे. तो योग्य वाटतो का?

प्रतिसाद (चिंचवड)

आपला शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर ‘सुकाणू’ हा नावेचा अवयव आहे आणि तो नावेच्या मागच्या टोकाला असतो. सुकाणू फिरवले की आधी नावेची पाठ बाहेर सरकते आणि मग नाकाड वळते. मोटारीत सहसा याच्या उलट घडते. दुसरे म्हणजे, ‘चारही चाके वळतात’ एवढेच सांगणारा कोणताही शब्द अपुराच पडणार, कारण आपल्या दोन मित्रांचे मतभेद चाकांच्या संख्येवरून नसून मागची चाके कोणत्या दिशेला वळतात यावरून झालेले आहेत.

मागची चाके पुढच्यांच्या उलट दिशेला वळली, तर गाडी जणू आखूड होते. पुढच्या आणि मागच्या आसांत २.७ मीटर अंतर असलेली गाडी घ्या आणि तिची पुढची चाके २० अंश वळवा. मागची चाके सरळ असतील, तर संथ वेगात वळणाची त्रिज्या सुमारे ७.४ मीटर येते. मागची चाके ५ अंश उलट वळवली, तर ती ६ मीटरच्या आसपास येते, आणि तीच ५ अंश पुढच्यांच्या दिशेला वळवली, तर जवळजवळ ९.८ मीटर होते. यंत्रणा तीच आणि कोनही तोच, तरी केवळ दिशा बदलल्याने गाडीचा स्वभाव पालटतो. म्हणून मी दोन शब्द सुचवतो: मागची चाके पुढच्यांच्या दिशेला वळत असतील तर ‘सहवळण’, आणि उलट दिशेला वळत असतील तर ‘प्रतिवळण’. यंत्रणेला ‘फोर व्हील स्टीअरिंग’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण गॅरेजपासून महाविद्यालयापर्यंत सगळे तेच म्हणतात. लेखात मात्र प्रत्येक ठिकाणी दिशा सांगितलीच पाहिजे.

खऱ्या गाड्यांत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. १९८७ च्या होंडा प्रील्यूडमध्ये मागच्या चाकांचा कोन स्टीअरिंग किती फिरवले यावर ठरे: थोडे फिरवल्यास सहवळण, भरपूर फिरवल्यास प्रतिवळण. पोर्शेच्या २०१३ च्या ९११ जीटी३ मध्ये तो वेगावर ठरतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या खाली प्रतिवळण आणि ८० च्या वर सहवळण, आणि तेही जास्तीत जास्त दीड अंश. आपल्या चाकणला जुळवणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये हा कोन १० अंशांपर्यंत जाऊ शकतो. तिथे उद्देश शर्यतीचा नसून लांबलचक गाडी अरुंद जागेत वळवण्याचा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

दोन्ही शब्द पटले, मी ते वापरीन. मात्र एक शंका राहते. सहवळणाने गाडी कमी वळते, हे आपल्या आकड्यांवरूनच दिसते. मग शर्यतीत ते उपयोगी कसे? खेळात सहवळणाची गाडी चालवताना मला ती वळणात शिरायला नाखूश वाटते, आणि अनेक जण त्याला सरळ ‘अंडरस्टिअर’ म्हणतात.

प्रतिसाद (चिंचवड)

‘अंडरस्टिअर’ हा शब्द इथे चुकीचा आहे, आणि लेखात हा फरक आवर्जून सांगावा अशी माझी विनंती आहे. अंडरस्टिअरमध्ये पुढच्या टायरांची पकड मागच्यांच्या आधी अपुरी पडते, त्यामुळे स्टीअरिंग आणखी मारूनही गाडी वळणाबाहेर सरकत राहते. सहवळणात पकड शाबूत असते, फक्त गाडी अंग कमी फिरवते.

साध्या गाडीत स्टीअरिंग मारल्यावर आधी पुढचे टायर बाजूला ओढ लावतात, त्या ओढीने गाडीचे अंग फिरते, अंग फिरल्यावर मागचे टायर तिरपे होतात आणि मग कुठे तेही ओढू लागतात. हा विलंब क्षणभराचाच असतो, पण ताशी २०० किलोमीटर वेगाने डावीकडून उजवीकडे झटकन जायचे असेल, तर याच क्षणात शेपूट डोलते. सहवळणात मागचे टायर अंग फिरण्याची वाट न पाहता पुढच्यांबरोबरच कामाला लागतात. सलग नागमोडी वळणांत स्टीअरिंग थोडे जास्त मारावे लागते, पण शेपूट शांत राहते आणि खेळाडूला गॅस लवकर देता येतो. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमधली मागची चाके वळवणारी ‘सुपर हायकॅस’ यंत्रणा तर आधी क्षणभर प्रतिवळण देऊन नाक आत घेई आणि लगेच सहवळणाकडे येई. ड्रिफ्ट करणारे, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणे घेणारे, अनेक जण ती काढून टाकतात, कारण गाडी आडवी असताना उलटे स्टीअरिंग मारले की मागची चाकेही आपल्या मनाने हलतात आणि अंदाज चुकतो.

प्रतिसाद (विमाननगर)

खेळात मागच्या चाकांचे वळणे खरोखर हिशेबात धरले जाते की केवळ दाखवले जाते, हे तपासण्याची एक रीत सांगतो. मोकळ्या जागेत ताशी २० किलोमीटर वेगाने स्टीअरिंग पूर्ण मारून गोल फिरा आणि रिप्ले वरून पाहा. साध्या गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात. प्रतिवळण असेल, तर मागच्या चाकांची वाट पुढच्यांच्या वाटेजवळ येते, आणि दोन्ही कोन सारखे असतील तर दोन्ही वाटा एक होतात. चाके वळलेली दिसतात पण वाट बदलत नाही, अशा खेळात ती नुसती सजावट आहे असे समजावे. प्रतिवळणाची दुसरी खूण भिंतीलगत कळते. भिंतीला चिकटून चालताना गाडी झटकन बाहेर काढली, की मागचा कोपरा भिंतीकडे झुकतो आणि घासतो.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. गेमपॅडवर खेळताना अनेक खेळ वेग वाढला की पुढच्या चाकांचा कोन स्वतःच कमी करतात. त्यामुळे साधी गाडीही सहवळणासारखी संथ वाटते, म्हणून शक्य असल्यास ही तुलना स्टीअरिंग व्हील जोडून करावी.

प्रश्नकर्ता

ही चाचणी लेखात घेतो. फॉर्म्युला वनच्या खेळांचाही उल्लेख करावा का?

प्रतिसाद (चिंचवड)

एका वाक्यापुरता करावा. बेनेटन संघाने १९९३ मध्ये चारही चाके वळणारी गाडी आजमावली होती, आणि १९९४ पासून नियमांनी ती बंद केली. त्यामुळे त्यानंतरच्या हंगामांवर बेतलेल्या खेळांत सहवळण किंवा प्रतिवळण शोधण्याचे कारण नाही. तिथे गाडी मागून फिरली, तर ते टायर, पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल किंवा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाची ताकद वाटणारा भाग) यांचे काम असते.