ट्रेलरमधला शॉवर दोन जागी गळतोय, ३००० च्या आत काय करता येईल?

वेरूळ_शेतमुक्काम
नमस्कार मंडळी. शेतात पाहुण्यांसाठी १६ फुटी फायबर बॉडीचा ट्रेलर उभा आहे. वर्षातून चार-पाच वेळा पैठण, म्हैसमाळकडं ओढून नेतो. आत ३२ बाय ३२ इंचांचं बाथरूम. १५० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, ६ लिटरचा इलेक्ट्रिक गिझर, अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा), वॉल मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारी भिंतीवरची तोटी) आणि हँड शॉवर. खाली फायबरचा ट्रे, ४० मिमीचं वेस्ट कपलिंग (ट्रेमधलं पाणी खाली जायचं तोंड), सांडपाण्याची टाकी १०० लिटरची.

तक्रारी दोन. अंघोळ झाली की ट्रेच्या पुढच्या कोपऱ्याकडून पाणी बाहेर विनाइलवर येतं, तिथली प्लाय पायाखाली मऊ लागायलीय. आणि रात्री एकही तोटी उघडी नसताना दर दहा-बारा मिनिटांनी पंप दोन सेकंद वाजून बंद होतो. प्लंबरनं सगळ्या कडांना सिलिकॉन मारलं, फरक नाही. बजेट ३००० रुपये, काम मीच करणार. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी नीट व्हायला पाहिजे. मिक्सर बदलू की ट्रे?

वाळूज_फिटर
दोन वेगळे आजार आहेत, एका औषधानं जाणार नाहीत. आधी काहीही विकत घेऊ नका.

पंप वाजतो म्हणजे दाबाच्या बाजूनं पाणी निसटतंय. पंपाच्या लगेच पुढचा कॉक बंद करून पंप चालू ठेवा. तरी वाजला तर पाइप निर्दोष, पंपाच्या आतला व्हॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडतोय. गप्प बसला तर गळती पुढं आहे. मग कॉक उघडून गिझरला जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा. शांत झाला तर गरम बाजू, वाजत राहिला तर थंड.

ट्रेची परीक्षा पंप बंद करून. कपलिंगला बूच लावा, दोन बोटं पाणी भरा, त्यात चिमूटभर नीळ टाका, पातळीला पेन्सिलची खूण करून तासभर थांबा. पातळी उतरली तर ट्रेला चीर आहे किंवा कपलिंगच्या वरच्या ओठाखालून झिरपतंय. नाही उतरली तर बूच काढा आणि खाली टॉर्च धरून बघा. पाणी वाहतानाच गळत असेल तर कपलिंगची खालची बाजू किंवा पुढचा पाइप. शेवटी हँड शॉवर पाच मिनिटं फक्त भिंतीच्या कोपऱ्यांवर मारा. प्रत्येक सांध्याखाली कागदावर रांगोळी पसरून ठेवा, एक थेंब पडला तरी खड्डा दिसतो.

गंजगोलाई_हार्डवेअर
एवढी शाळा कशाला? वॉल मिक्सर काढून चांगला सिंगल लिव्हर डायव्हर्टर बसवा, ८ ते ९ हजारांत येतो. आत पाणी उघडबंद करणारी ४० मिमीची सिरॅमिक चकत्यांची कार्ट्रिज असते, वॉशरची कटकट नाही. माझ्याकडं तोच आहे, एक थेंब गळत नाही. ३००० मध्ये टिकाऊ काही होत नसतं.

परभणी_शेतशिवार
मिक्सर नाही हो, पंप बदला. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची मोटर मोंढ्यात कुठंबी मिळती. प्रेशर बी जबरदस्त.

नांदेड_कॅम्पर
परभणीकर भाऊ, प्रेशर जबरदस्त हीच तर अडचण आहे. फवारणीच्या मोटरी बऱ्याचदा जास्त दाबावर कट होतात. ट्रेलरच्या पंपाला ४० ते ५० पीएसआय (दाबाचं माप, चौरस इंचाला पौंड) पुष्कळ झाले. आणि औषध मारलेली जुनी मोटर तर कोणीही पाण्याला लावू नये, डायफ्रॅमला मुरलेलं औषध धुऊन जात नाही.

परभणी_शेतशिवार
जुनी लावा असं कुठं म्हणलो? नवी म्हणतोय. शेतात आमच्या तीन चालतात.

नांदेड_कॅम्पर
नवी लावली तरी गळती तिथंच राहणार, उलट वाढणार. घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून १० फूट उंच असली तर नळाला जेमतेम ४.३ पीएसआय मिळतात. ट्रेलरचा पंप त्याच्या दहापट दाब देतो. म्हणून घरी कोरडा राहिलेला सांधा इथं गळतो, आणि घरकामाच्या सवयीनं बसवणाऱ्याला ते पटत नाही.

जालना_फायबर
कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. ट्रेलर सपाट उभा आहे का? पुढचा जॅक दोन इंच खाली असला तर ट्रेमधलं पाणी कपलिंगकडं न जाता पुढच्या कोपऱ्यात साचतं आणि उंबऱ्यावरून बाहेर येतं. स्पिरिट लेव्हल ट्रेच्या तळावर ठेवू नका, तळाला मुद्दाम उतार असतो. उंबऱ्यावर लांबी-रुंदी दोन्हीकडं ठेवा.

दुसरं, स्वच्छ पाणी १५० लिटर आणि सांडपाणी १०० लिटर. ही टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि ट्रेलरमध्ये ते तोंड शॉवरचंच असतं. पाहुण्यांनी किचनचं सिंक वापरलं आणि नंतर अंघोळ केली तर ट्रे खालून भरतो. लोक त्याला गळती समजून सिलिकॉन मारत बसतात.

बीड_जुगाडू
बाहेरून एम-सील लावा. ५० रुपयांत काम. सगळ्या सांध्यांना लावून टाका.

वाळूज_फिटर
एम-सील कडक होतं. हलणाऱ्या गाडीत सांधा रोज हलतो, मग त्याला केसासारखी भेग पडते. शिवाय चालू दाबावर ओल्या सांध्याला ते धरतही नाही. लोखंडी टाकीच्या छिद्राला ठीक, इथं नाही.

बीड_जुगाडू
आमच्या टाकीला सहा वर्षं झाली लावून.

धाराशिव_गॅरेज
मिक्सर परदेशी बनावटीचा असेल तर आटे तपासा. आट्यांची मापं दोन, अमेरिकन अर्धा इंची एनपीटी आणि आपला बीएसपी, दोन्हीत इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळं दोन-तीन फेरे छान बसतात. पण आट्याचा कोन तिकडं ६० अंश आणि आपल्याकडं ५५. टेफ्लॉन कितीही गुंडाळा, दाबावर घाम फुटतोच. वॉल मिक्सर आहे म्हणजे बहुतेक आपलाच, तरी मागचा शिक्का बघा.

आणि पितळी आटे थेट प्लॅस्टिकच्या आत घट्ट आवळले असतील तर तिथंच चीर असणार. आतून पितळ असलेलाच एल्बो (काटकोनी जोड) लागतो. सफेदा (आट्यांना लावायचा पांढरा लेप) आणि ताग तिथं वापरू नये, ताग फुगला की प्लॅस्टिक फाटतं.

गंजगोलाई_हार्डवेअर
म्हणूनच सांगितलं, मिक्सर बदला.

वेरूळ_शेतमुक्काम
सगळ्यांचे आभार. आज दिवसभर परीक्षा घेतल्या. पंपापुढचा कॉक बंद केला की पंप शांत. गिझरचा कॉक बंद केला तरीबी शांत, म्हणजे गरम बाजू. मिक्सरमागची फळी काढली तर गरम एल्बोखालची रांगोळी भिजलेली. मिक्सर आपल्याच बनावटीचा आहे, एल्बो साधा प्लॅस्टिकचा.

ट्रेमध्ये निळीचं पाणी तासभर तसंच राहिलं. बूच काढल्यावर मात्र कपलिंगच्या चेकनटपासून (खालून आवळायचा नट) निळे थेंब. आणि जालन्याच्या ताई, पुढची बाजू खरंच खाली आहे, जवळपास दीड इंच.

जालना_फायबर
मग ट्रे बदलायची गरज नाही, तो खर्च वाचला. कपलिंग काढून परत बसवा, पण क्रम चुकवू नका. वरच्या ओठाखाली सिलिकॉनची पातळ वळी. खालून ट्रेला चिकटून आधी रबर वॉशर, त्याखाली प्लॅस्टिकची गुळगुळीत चकती, मग चेकनट. चकती नसली तर नट फिरताना रबराला सोबत फिरवतो, त्याला सुरकुती पडते आणि पाणी तिथून वाट काढतं. दहातल्या आठ ठिकाणी हीच चूक असते.

फायबर ट्रे खालून खरबरीत असतो, त्यावर रबर बसत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं कपलिंगभोवतीचं दोन बोटं रुंदीचं वर्तुळ घासून सपाट करा, स्पिरिटनं पुसा, रबराच्या ट्रेकडच्या बाजूलाही पातळ सिलिकॉन लावा. नट हातानं घट्ट करून पान्ह्यानं पाव फेरा, बास.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसिटिक, ते कपलिंगच्या धातूला आणि खालच्या पत्र्याला खातं. कडांचं आधी मारलेलं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. नवं भरताना ट्रेमध्ये २० लिटरचे दोन भरलेले कॅन ठेवा आणि २४ तास तसेच राहू द्या. वजनानं ट्रे खाली दबतो, फट पूर्ण उघडते आणि त्या मापानं सिलिकॉन वाळतं. रिकाम्या ट्रेवर भरलं तर पहिल्याच अंघोळीला ओढून सुटतं. तुमच्या प्लंबरचं बहुधा इथंच चुकलं.

हिंगोली_सुतार
प्लाय वाळल्याशिवाय काही झाकू नका. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तेवढा तुकडा कापून आयएस ७१० या मानकाची, ओलीला टिकणारी मरीन प्लाय बसवा, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावून. आयएस ३०३ ची स्वस्त प्लाय बाथरूमच्या फरशीला नको.

परभणी_शेतशिवार
सिलिकॉन काढून नवं लावा, जुन्यावर बसत नसतं.

वाळूज_फिटर
आता गरम एल्बो. तेवढा तुकडा कापून पितळी इन्सर्टचा एल्बो आणि दोन कपलर लावा, सगळं मिळून ३०० ते ४०० रुपये. काप काटकोनात घ्या, आतली-बाहेरची कड ब्लेडनं साफ करा. सोल्युशन सीपीव्हीसीचंच पाहिजे, पांढऱ्या पाइपचं चालणार नाही. पाव फेरा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप मागं सरकतो. दाब दुसऱ्या दिवशी द्या. आट्यांवर टेफ्लॉनचे ८ ते १० वेढे, आट्यांच्या टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. जिथं वॉशर आहे, म्हणजे हँड शॉवरच्या होजला, तिथं टेफ्लॉन लावायचं नसतं.

आणि पाइप आत जावा म्हणून गोडेतेल किंवा ग्रीस कोणी लावू नका. सीपीव्हीसीला तेलानं बारीक चिरा पडतात.

नांदेड_कॅम्पर
एल्बो बदलला तरी पुढच्या वर्षी शेजारचा फुटेल. ट्रेलरमध्ये सीपीव्हीसीच नको. कॉम्पोझिट पाइप टाका, आत अ‍ॅल्युमिनियमचा थर, पितळी कॉम्प्रेशन फिटिंग. हातानं वाकतो, एल्बोच कमी लागतात.

वाळूज_फिटर
सीपीव्हीसी दाबाला कमी पडत नाही. एसडीआर ११ चा (हे पाइपाच्या जाडीचं माप) पाइप ८२ अंशांना १०० पीएसआय धरतो. तो फुटतो हादऱ्यानं, आणि तोही कोणी क्लॅम्प मारलेले नसतात म्हणून. दर सव्वा फुटाला रबर लावलेला क्लॅम्प, प्लायमधून जातो तिथं रबर रिंग, आणि मिक्सरला जोडताना शेवटचा दीड फूट ब्रेडेड कनेक्शन पाइप. हादरा तो खातो.

नांदेड_कॅम्पर
आणि उन्हाळा? १० फूट सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला तर साधारण ८ मिमी लांब होतो. दोन्ही टोकं बांधलेली असतील तर ताण एल्बोवरच येणार. मे महिन्यात उभ्या ट्रेलरच्या तळाशी काय तापमान असतं ते आपल्याला माहीत आहे.

वाळूज_फिटर
त्यासाठीच क्लॅम्प पाइपला सरकू देणारे लावायचे, करकचून आवळायचे नाहीत. कॉम्पोझिटची फिटिंग्ज तालुक्याला मिळत नाहीत, रस्त्यात गळालं तर काय करणार? सीपीव्हीसी कुठल्याही गावात मिळतो.

लातूर_पाणीमोल
दोघांचं बरोबर धरलं तरी गळती आजच बंद करा, तोवर पंपाचं बटण रात्री बंद ठेवा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरच्या वर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावातून लिहितोय, ४ लिटर म्हणजे काय ते इथं कळतं. आणि बोअरचं पाणी भरत असाल तर पंपाआधी जाळीचा फिल्टर पाहिजेच. खडे-वाळू मिक्सरच्या स्पिंडलला (मूठ फिरवली की पाणी उघडबंद करणारा आतला भाग) चरे पाडतात, क्षार बसला तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून निघतो.

गंजगोलाई_हार्डवेअर
स्पिंडलला चरे पडतात म्हणूनच कार्ट्रिजचा मिक्सर म्हणतोय मी पहिल्यापासून.

लातूर_पाणीमोल
वाळूनं कार्ट्रिजच्या सिरॅमिक चकतीलाही चरे पडतात, आणि ती बदलायला जास्त पैसे लागतात.

वेरूळ_शेतमुक्काम
ठरलं. ट्रेलर लेव्हलला आणला, जॅकखाली फळ्या दिल्या. कपलिंग ताईंनी सांगितलं तसं काढून परत बसवणार. मऊ झालेली प्लाय १४ बाय १० इंच निघाली, मरीन प्लायचा तुकडा सुतार भाऊ म्हणतात तसा टाकतो.

पाइपाचं मात्र तुम्हा कोणाचंच ऐकत नाही, राग मानू नका. वॉल मिक्सर आणि गरम लाइन दोन्ही काढून टाकतोय. आपल्याकडं होळीनंतर पावसाळ्यापर्यंत टाकीतलं पाणी तसंच गरम असतं. थंडीत पाहुण्यांना शेतावरच्या बंबाचं पाणी बादलीनं देतो. भिंतीवर एकच थंड पाण्याची पाव फेऱ्याची तोटी, पंपापासून तिथपर्यंत ब्रेडेड पाइप आणि जुनाच हँड शॉवर. पाच सांधे कमी झाले. हिशोब: तोटी ४५०, ब्रेडेड पाइप आणि निप्पल ५००, न्यूट्रल सिलिकॉन २५०, कपलिंग आणि वॉशर ३००, प्लाय-इपॉक्सी ७००, जाळीचा फिल्टर ३५०, क्लॅम्प १५०. २७०० झाले.

नांदेड_कॅम्पर
गिझर असून काढायचा? पाहुणे डिसेंबर-जानेवारीतच जास्त येतात वेरूळला.

वेरूळ_शेतमुक्काम
बंबाचं पाणी त्यांना आवडतं. गिझर काढत नाही, नुसता बंद ठेवतो.

वाळूज_फिटर
मग एवढं नक्की करा. गिझरचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवा, एमसीबीवर चिठ्ठी लावा. कोणी चुकून रिकाम्या गिझरला वीज दिली तर कॉइल जळते. गिझर पूर्ण रिकामा करा, आत साठून राहिलेलं पाणी घाण वास धरतं. थंड पाण्याच्या टी-ला एंड प्लग मारा, नुसत्या कॉकवर विश्वास नको, क्षारानं कॉक झिरपतो. ब्रेडेड पाइप पिळून बसवू नका, वळण हाताच्या पंजाएवढं मोठं ठेवा. आणि फळी लगेच स्क्रूनं बंद करू नका. पैठणला एक फेरी मारून या, सांध्यांखाली परत रांगोळी ठेवा, कोरडी राहिली तरच फळी लावा.