'अ‍ॅसिड टेस्ट'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी: अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या चौदा कलमांच्या भाषणाचा (८ जानेवारी १९१८) अनुवाद करते आहे. रशियाविषयीच्या सहाव्या कलमात अडले. येत्या काही महिन्यांत इतर राष्ट्रे रशियाशी कशी वागतात, ही त्यांच्या सद्भावनेची 'अ‍ॅसिड टेस्ट' ठरेल, असे ते म्हणतात. मी 'अग्निपरीक्षा' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'लिटमस चाचणी' केले. मला पटत नाही.

रानवारा: लिटमस नकोच. तो दगडफुलांपासून काढलेला रंग, आम्ल की अल्क एवढंच सांगतो. अ‍ॅसिड टेस्ट सराफाच्या पेढीवरची आहे. नायट्रिक अ‍ॅसिडात तांबं-चांदी विरघळते, सोनं नाही. सरळ 'कसोटी' लिहा की.

पेठकर: थोडं थांबा. आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम आहे. कसोटी म्हणजे काळा दगड. एकदा एक आजी पाटल्या मोडायला घेऊन आल्या. आजोबांनी दगडावर घासल्या, पिवळाधमक कस उमटला. रेघेवर तेजाब टाकलं, रेघ जागची हलली नाही. पण पाटल्या हाताला हलक्या लागत होत्या. आजींना विचारून त्यांनी कानशीनं खाच पाडली, खाचेत थेंब सोडला, तर हिरवा फेस. आत पितळ. आजी काही बोलल्या नाहीत, पाटल्या पदरात बांधून निघून गेल्या. दगडाला वरचंच दिसतं. खाचेतल्या तेजाबाला आतलं दिसतं. म्हणून मला नुसती 'कसोटी' अपुरी वाटते.

सांजवेळ: आणि 'अग्निपरीक्षा' तर अर्थच फिरवते. सीतेची अग्निपरीक्षा काय, हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा काय, वाचकाचा जीव परीक्षा देणाऱ्यासाठी तुटतो. इथे सोसतो आहे रशिया आणि परीक्षा आहे इतरांची.

मुळाक्षर: मग 'आम्लपरीक्षा' का नको? 'महापौर', 'दिनांक' हेही एकदा कानाला नवेच होते. शब्द घडवायचेच नाहीत असं ठरवलं तर भाषा उसनवारीवरच जगेल.

रानवारा: आम्ल म्हटलं की आम्लपित्त आठवतं, सोनं नाही. वाणिज्य शाखेची मुलं मराठी माध्यमातली असली तरी 'अ‍ॅसिड टेस्ट रेशो'च म्हणतात. मालाचा साठा वगळून उरलेल्या चालू मालमत्तेतून देणी भागतात का, ते त्यांना नीट कळतं. शब्द इंग्रजी राहिला म्हणून काही अडलं नाही.

मुळाक्षर: अडलं नाही, पण आपला शब्द झिजला. 'कस', 'कसोटी', 'निकष' तिन्ही 'कष्' म्हणजे घासणे या धातूचे. कसोटी आली 'कषपट्टिका'वरून. आज 'पात्रतेचे निकष' लिहिताना दगड कुणाच्या डोळ्यापुढे येतो?

सांजवेळ: इंग्रजीतही तेच झालंय. 'टेस्ट' हा शब्द लॅटिन 'टेस्टम'वरून, म्हणजे मातीचं भांडं. सोनं-चांदी तावून शुद्ध करायच्या मुशीला 'टेस्ट' म्हणत. टेस्ट मॅचला 'कसोटी सामना' ज्यानं म्हटलं, त्यानं एका सोनाराच्या शब्दाला दुसरा सोनाराचाच शब्द दिला.

पेठकर: वा! हे आजोबांना सांगायला हवं होतं. मग 'कसदार जमीन' आणि 'जमीन कसणे' यांतला कसही तोच का?

मुळाक्षर: कसदारमधला तोच असावा. 'कसणे' मी 'कृष्'कडे नेईन, कृषीतला.

रानवारा: मला दोन्ही एकच वाटतात. आमच्याकडे जमीन 'कसाला लागली' म्हणतात, ती काय नांगराची भाषा आहे?

अनुवादिनी: मजकूर उद्या द्यायचा आहे. तूर्त 'खरी कसोटी' लिहिते आहे. पेठकर, ती खाच मात्र डोक्यातून जात नाही.