जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) खरंच भंगार झालाय का?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी टाकलंय, "दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर म्हणजे भंगार, विकून मोकळे व्हा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझा निकॉन डी९०, २००८ चं मॉडेल, १२.३ मेगापिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १४ इंची प्रिंट आरामात निघते, आणि तुम्ही फोटो बघता कुठे तर मोबाईलवर! बॉडीत मोटर आहे म्हणून ५० एमएमची जुनी डी लेन्स, जिच्यात स्वतःची मोटर नसते, तीही ऑटोफोकस होते, नंतरच्या डी३०००, डी५००० वाल्यांना विचारा, हातानेच फिरवत बसतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणारी पोरं याच्यावरच काढली, झूमच्या रबराच्या खाचांत तो रंग अजून आहे.

लॉन्सवाला: उन्हात काय, कुठलाही कॅमेरा चालतो भाऊ. गंगापूर रोडला रात्री दहाला वरात येते तेव्हा काढून दाखव. अंधारासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला नेला की शालूवर नुसते दाणे. त्यात मेमरी कार्डाचा स्लॉट एकच. माझं एका लग्नात कार्ड उडालं, सप्तपदीच गेली, पैसे परत केले तरी नवरीची आई अजून बोलत नाही माझ्याशी.

निफाडकर: कॅमेऱ्याचं सोडा हो, आधी माणसं सुधरा. आपलं नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य २०२० ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि तिथे लोक पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवतात! मागच्या रविवारी एकजण तोफेएवढी लेन्स घेऊन पाणगवतात घुसला, जांभळ्या पाणकोंबड्या सगळ्या उडाल्या, मनोऱ्यावर आम्ही बघत बसलो.

लॉन्सवाला: इथे विषय काय चाललाय? आणि मोठ्या लेन्सवाल्याला जवळ जायची गरजच नसते, ३०० एमएमच्या छोट्या लेन्सवाले घुसतात.

निफाडकर: मला शिकवू नका. बारा वर्षं जातोय, दुर्बीण घेऊन. घुसणारा घुसतोच, लेन्स कितीची का असेना. वनरक्षकाने हटकलं तर त्यालाच दम देतात, सकाळी सहाला गाडीचा हॉर्न वाजवत येतात, तुम्हाला कल्पना नाही.

गोदाकाठ: आवाज वाजवणाऱ्यांचं शंभर टक्के बरोबर, पण त्यात जुन्या कॅमेऱ्याचा काय दोष? लॉन्सवाले, कार्डाचं मान्य, लग्नाला दोन स्लॉटच पाहिजेत. व्हिडिओचंही मान्य, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर हाच, पण ७२०पी एचडीला पाच मिनिटांत क्लिप बंद पडते. तरी भंगार म्हणू नका. पुतणी याच्यावरच शटर-ॲपर्चर शिकली, पंचवटीत भाजीवालीचे हात काढलेत तिने, बघाच एकदा.

लॉन्सवाला: शिकायला ठेव, त्याला कोण नाही म्हणतंय. माझ्या वरातीत आणू नको फक्त.