प्रशियन लोक नेमके कशाने संपले? तलवारीने, की त्यानंतरच्या चारशे वर्षांनी?

वाटसरू

'प्रशिया' म्हटलं की आपल्याला बिस्मार्क आणि कवायती फौज आठवते. मूळचे प्रशियन मात्र जर्मन नव्हतेच. विस्तुला आणि नेमन या नद्यांच्या मधल्या बाल्टिक किनाऱ्यावर राहणारे, लिथुआनियन आणि लाटव्हियन लोकांच्या नात्यातले हे लोक. साम्बी, नाटांगी, वार्मी, बार्ती, पोमेसानी, सुदोवी अशा त्यांच्या जमाती होत्या. सगळ्यांवर मिळून एक राजा कधीच नव्हता.

त्यांची गोष्ट नेहमी एका दमात सांगितली जाते: मासोव्हियाचा पोलिश ड्यूक कोनराड याने ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन लढाऊ संन्याशांच्या संघाला बोलावलं, 1230 ते 1283 अशी धर्मयुद्धं झाली आणि प्रशियन नष्ट झाले. या गोष्टीचा शेवट मला मान्य नाही. 1283 नंतरही प्रशियन माणसं चारशे वर्षं त्याच मातीत नांगर धरून होती आणि घरात आपली भाषा बोलत होती.

पहिल्या उठावानंतर 1249 मध्ये ख्रिस्तबुर्ग इथे तह झाला. पोपचा प्रतिनिधी मध्यस्थ होता, तोच पुढे चौथा अर्बन या नावाने पोप झाला. या तहाने प्रशियनांना जमीन विकत घेण्याचा, वारसाहक्काचा, एवढंच काय पाद्री होण्याचाही हक्क दिला. अट अशी की प्रेतं जाळायची नाहीत, एकाहून जास्त बायका करायच्या नाहीत, चर्च बांधायची आणि धर्म सोडायचा नाही. 1260 मध्ये दुसरा, मोठा उठाव झाला आणि तो मोडल्यावर हे हक्क सरसकट उरले नाहीत. जे ऑर्डरशी इमान राखून होते त्यांना जमिनी मिळाल्या, बाकीचे कूळ झाले. जर्मन वसाहतकऱ्यांची गावं वेगळ्या कायद्याखाली, प्रशियनांची वेगळ्या. जमीन मोजायची मापंसुद्धा वेगळी, आणि प्रशियनांचं माप लहान. ज्या समाजात वर चढायचं तर जर्मन व्हावं लागतं, तिथे पिढी-दर-पिढी लोक जर्मन होत जातात. प्रशियन संपले ते असे. याची जबाबदारी ऑर्डरवर आहेच, पण नंतरच्या ड्यूकांवर आणि जमीनदारांवरही तितकीच आहे.

रोखठोक

ठाम असहमत. तुम्ही सांगता तो कुळकायदा आकाशातून पडला का? आधी माणसाचा कणा मोडायचा आणि मग तो पुढे चारशे वर्षं वाकून चालला म्हणून 'मोडल्यामुळे मेला नाही' म्हणायचं, हे मला पटत नाही.

हेर्कुस मोन्तेचंच बघा. नाटांगी जमातीतला हा मुलगा ओलीस म्हणून जर्मनीत मागदेबुर्गला नेला, बाप्तिस्मा दिला, शिकवला. परत आल्यावर 1260 च्या उठावाचं नेतृत्व त्याने केलं, 1261 मध्ये पोकार्विसच्या लढाईत ऑर्डरच्या फौजेला हरवलं. 1273 मध्ये त्याला पकडून मारलं. असे नेते गेल्यावर मागे कोण उरलं? तडजोड करणारे. लिथुआनियन टिकले कारण त्यांचं राज्य टिकलं. 1387 मध्ये ते ख्रिस्ती झाले तेही स्वतःच्या राजाच्या निर्णयाने.

पिंपळपान

रोखठोक, मग लाटव्हियन आणि एस्टोनियन कसे टिकले? त्यांचं राज्य कुठे होतं? त्याच तेराव्या शतकात त्यांनाही मुख्यतः जर्मन धर्मयोद्ध्यांनीच जिंकलं. पुढे सातशे वर्षं जमीनदार जर्मन, शहरं जर्मन, चर्च जर्मन. तरी आज दोघांचे स्वतंत्र देश आहेत.

फरक जिंकण्यात नाही, वसाहतीत आहे. लिव्होनियात, म्हणजे या दोघांच्या मुलुखात, समुद्रमार्गे सरदार, व्यापारी, पाद्री गेले, जर्मन शेतकरी फारसा गेला नाही. त्यामुळे खेड्यात शेजारी लाटव्हियनच राहिला. प्रशियात मात्र जर्मन मुलुखातून जमिनीवरून बैलगाड्या घेऊन शेतकरी आले आणि खेडीच्या खेडी वसवली. दक्षिणेला पोलिश बोलणारे आले, पूर्वेला लिथुआनियन. भाषा खेड्यात मरते तेव्हाच ती मरते. वाटसरू यांच्या बाजूने माझं मत.

रोखठोक

लाटव्हियाचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. वसाहतीला जागा कुठून मिळाली? नाद्रुवी, स्काल्वी आणि सुदोवी यांचा पूर्वेकडचा प्रदेश युद्धात इतका उजाड झाला की तिथे दोन शतकं अरण्य होतं. जर्मन कागदपत्रांत त्याला 'महाअरण्य'च म्हणतात. लिथुआनियाच्या बाजूने हल्ले होऊ नयेत म्हणून ऑर्डरला ते तसंच हवं होतं. उरलेल्या सुदोवींना उचलून साम्बियाच्या वायव्य कोपऱ्यात नेऊन टाकलं. वाटसरू म्हणतात ती माणसं 'त्याच मातीत' नव्हती, निदान ही तरी नव्हती. ज्या तीन जमातींचा मुलुख माणसांवाचून रिकामा झाला, त्यांच्याबाबत 'हळूहळू जर्मन झाले' हे वाक्य कसं लिहिणार?

अबोली

दोघांच्या वादात खुद्द प्रशियनांचा आवाज येऊ दे. तो फार थोडा उरलाय. सर्वात जुनं वाक्य 1369 च्या एका हस्तलिखितात सापडतं, आणि तो धर्मग्रंथ वगैरे नाही. दोन ओळींची थट्टा आहे: 'खुशाल राहा मालक! पण प्यायला हवं आणि पैसे द्यायला नको, तर तुम्ही काही चांगले सोबती नाही.' हस्तलिखित स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ग्रंथालयात आहे आणि या ओळी तिथे विसाव्या शतकात लक्षात आल्या. म्हणजे हेर्कुसनंतर शंभर वर्षांनी कुणीतरी या भाषेत हसत होतं. मला हा पुरावा तहाच्या कलमांपेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर एल्बिंगची शब्दयादी, साधारण 800 जर्मन शब्द आणि त्यांचे प्रशियन प्रतिशब्द. विषयवार आहे: आकाश, माती, गाडीचे भाग, झाडं, मासे. आणि मग धर्मशिक्षणाच्या तीन प्रश्नोत्तरी, 1545 मध्ये दोन आणि 1561 मध्ये तिसरी. ड्यूक आल्ब्रेख्तने 1525 मध्ये ऑर्डरचं राज्य लूथरपंथी केलं, तेव्हा कळलं की खेड्यातल्या लोकांना जर्मन प्रवचन समजत नाही. चर्चमध्ये पाद्र्याशेजारी दुभाष्या उभा राहायचा. तिसऱ्या प्रश्नोत्तरीचं भाषांतर आबेल विल या पाद्र्याने केलं आणि त्याला मदत केली पाउल मेगॉट नावाच्या प्रशियन शेतकऱ्याने. आज आपल्याला प्रशियन व्याकरण जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं या शेतकऱ्याच्या तोंडून आलंय. त्याच्याविषयी कुणीच लिहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुनापुराणा

1709 ते 1711 च्या प्लेगने शेवटचे प्रशियन गेले, असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्लेग भयंकर होता, पूर्व प्रशियात दोन लाखांहून जास्त माणसं गेली. पण भाषा त्याच्या आधीच अखेरच्या घटका मोजत होती. प्रश्नोत्तरीच्या एका प्रतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय की ही भाषा आता पुरती लोपली, 1677 मध्ये कुरोनियन वाळूपट्टीवर ती जाणणारा एकटा म्हातारा वारला. इतर नोंदींत आणखी काही वृद्धांचा उल्लेख येतो, पण गाव असं एकही नाही. प्लेगच्या माथी खापर फोडलं की जमीनदार सुटतात. म्हणून वाटसरूंशी सहमत.

वाटसरू

सुदोवी आणि नाद्रुवींबद्दल रोखठोक यांचं म्हणणं मी नाकारत नाही, पूर्वेकडे तलवारीनेच काम केलं. माझा आग्रह साम्बिया आणि नाटांगियाबद्दल आहे, कारण लोकसंख्या तिथे उरली होती. 1525 च्या सप्टेंबरमध्ये साम्बियातले शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले, त्यांत प्रशियन बोलणारेही होते. तो उठाव दडपला गेला आणि वेठबिगारी आणखी घट्ट झाली. मला त्या काळचं राजकारण पुस्तकांत ठळक हवंय. धर्मयुद्धाचं एकच भव्य चित्र रंगवलं की बाकीची चारशे वर्षं कुणी विचारत नाही.

रोखठोक

मग पुढचीही शतकं विचारात घ्या. 1701 मध्ये ब्रांडेनबुर्गच्या घराण्याने क्योनिग्सबर्गला राज्याभिषेक करून घेतला तो 'प्रशियात राजा' म्हणून. ज्यांना जिंकलं त्यांचंच नाव मुकुटावर. 1938 मध्ये नाझींनी जर्मन न वाटणारी शेकडो गावांची नावं बदलली, त्यांत प्रशियन नावंही गेली. 1945 नंतर पूर्व प्रशियाचा उत्तर भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि उरलेली नावं रशियन झाली. 'तापियाउ' या जर्मन रूपात प्रशियन नाव टिकून होतं, ते ग्वार्देय्स्क झालं. उलट पोलंडच्या वाट्याच्या भागात 'प्रॉइसिश होलांड' या जर्मन नावाच्या गावाला पुन्हा जुन्या प्रशियन नावावरून 'पास्वेंक' म्हणू लागले. तुम्ही जमीनदारांना धरा, मी ऑर्डरला धरतो. पण मरणाचा दाखला लिहायचा तर त्यात 1938 आणि 1946 च्या कारकुनांची नावंही घाला.