पार्सलीची रोपं लांबुडकी झालीत, विरळणी कशी करू?

मंडळी, कुरळ्या पानांची पार्सली बियांपासून लावली आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कुंडीतच पेरलं. उगवायला तीन-चार आठवडे लावते हे ठाऊक होतं, तरी धीर सुटायचाच बाकी होता! आता रोपं आलीत, पण दाटीवाटीने. देठ दोऱ्यासारखे, सगळी उजेडाकडे झुकलेली. पहिली कातरलेली पानं नुकती दिसतायत. ऊन कमी पडतंय हे उघड आहे, कुंडी हलवते.

खरी अडचण विरळणीची. हिचं सोटमूळ खोल जातं, मुळं दुखावलेली तिला मानवत नाहीत. मग जादा रोपं उपटू की कात्रीने बुडाशी कापू? आणि लांबलेल्या देठांना मातीची भर दिली तर सावरतील, की कुजतील? कोणी करून पाहिलंय का?