शाळेवर सोलार घ्यावं का?

खानापूरकर
बेळगावकडच्या जांबोटी भागातल्या आमच्या मराठी शाळेवर शहरातली इंजिनिअरिंगची पोरं सोलार बसवून देतो म्हणताहेत. एक किलोवॅटची पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, सगळं फुकट. रविवारी एसडीएमसीची, म्हणजे शाळा समितीची, बैठक आहे आणि माझं मत नकोच असं आहे. शेजारच्या गावात असंच बसवलं होतं. पोरांचा प्रोजेक्ट झाला, फोटो झाले. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, दोन वर्षांत ती बसली. त्यात आमच्याकडचा पाऊस! जून ते सप्टेंबर ऊन दिसतं कुठं?

बाई, कणकुंबी रोड
दादा, त्याच चार महिन्यांसाठी पाहिजे. तारेवर झाड पडलं की लाईट दोन-दोन दिवस येत नाही. भरदुपारी फळा दिसत नाही म्हणून मी पहिली-दुसरीची पोरं दारात बसवते, पावसाचे शिंतोडे त्यांच्या वह्यांवर येतात. तुम्ही बॅटरीचं सांगताय, मला त्या वह्या दिसतात.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी
पावसाचा मुद्दा खरा आहे, पण हिशेब बघा. उन्हाळ्यात ६ ट्यूब, ४ पंखे, एक टीव्ही मिळून साधारण ५०० वॅट, म्हणजे पाच तासांचे अडीच युनिट. एक किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसात पंखे लागतच नाहीत. नुसत्या ट्यूब २० वॅटच्या धरल्या तर पाच तासांत ०.६ युनिट. ढगाळ दिवसातही एवढं बहुतेक वेळा निघतं. सलग अंधारून आलं तर टीव्ही बंद ठेवायचा.

वायरमन, बेळगाव
एक गोष्ट पोरांना आधी विचारा. सिस्टीम ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनला जोडलेली, आहे का? तसली असेल तर हेस्कॉमची लाईट गेली की सोलारही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. बाईंच्या वर्गाला त्याचा काडीचा उपयोग नाही. बॅटरीवालीच घ्या. शिवाय शाळेवर मंगलोरी कौलं असतील तर पॅनल वर नको. वजन पेलायचा प्रश्न आहेच, माकडं उड्या मारून कौलं फोडतील ते वेगळं. अंगणात लोखंडी स्टँड करा, झाडाची सावली पडणार नाही तिथं.

खानापूरकर
हे पटलं. पण बॅटरी पाचेक वर्षांत बदलावी लागणार, तेव्हा ही पोरं नोकरीला कुठं असतील?

जुना मास्तर
म्हणूनच मी खानापूरकरांच्या बाजूचा. आपल्याच कर्नाटकातल्या हरीश हांडे यांना २०११ साली मॅगसेसे मिळालं. त्यांच्या सेल्को कंपनीने गरिबांच्या घरी सोलार विकलं, पण हप्त्याची सोय लावून आणि दुरुस्तीला जवळ माणूस ठेवून. फुकट दिलेल्या वस्तूला धनी नसतो.

बाई, कणकुंबी रोड
सर, धनी आम्ही होतो की! सातवीच्या पोरांना पाण्याची पातळी बघायला शिकवा, वहीत तारीख लिहून ठेवतील. गोव्याला कामाला गेलेले माजी विद्यार्थी गणपतीला येतात, तेव्हा बॅटरीसाठी डबा फिरवू.

खानापूरकर
ठीक. रविवारी मी हो म्हणेन, पण कागदावर दोन अटी घालून: बॅटरीवालीच सिस्टीम, आणि बसवताना गावातली दोन पोरं हाताखाली. वायरमन दादा, बैठकीला याल का? जांबोटी स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो.