मदत हवी आहे: चौघांनी मिळून शब्दकोडं रचतोय, जाळी दर वेळी मोडते

रामबागकर:
नमस्कार. इंदूरहून लिहितेय. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यंदा मराठी शब्दकोडं टाकायचं ठरलं आणि "तुला आवड आहे ना" म्हणत ते माझ्या गळ्यात पडलं. जाळी ११ बाय ११ ची. ती मी भरते, सूत्रं शेजारच्या काकू आणि पुण्याची माझी नणंद लिहितात, आणि शुद्धलेखन बाबा, म्हणजे माझे सासरे, बघतात. हयातभर शाळेत मराठी शिकवलंय त्यांनी.

दोनदा जाळी पुरी झाली आणि दोन्हीदा बाबांच्या लाल पेनाने मोडली. आडवं 'कविता' होतं, त्यातल्या 'वि'वर मी उभं 'रवि' संपवलं होतं. बाबा म्हणाले, 'रवि' हिंदीत. मराठीत 'रवी', वेलांटी दुसरी. खरंय त्यांचं. इथे दुकानाच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत हिंदी वाचून आमचा हात तसाच वळतो. पण 'रवी' करावं तर आडवं 'कवीता' होतं! तीच गत आडव्या 'रुमाल'वर संपणाऱ्या उभ्या 'गुरु'ची. एक वेलांटी हलली की तीन शब्द जातात आणि काकूंनी लिहिलेली सूत्रं वाया. त्या काही बोलत नाहीत, पण चहाला येणं कमी झालंय.

वेलांटी-उकाराची सूट घ्यावी का? बाबांना सांगायचं कसं? आणि एक उपप्रश्न. मी 'गेर', म्हणजे आमच्या इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, घातलाय, सूत्र 'रंगपंचमीला राजवाड्यावर हीच निघते'. नणंद म्हणते पुण्यात कुणाला कळणार. जन्म इथला, लग्न होऊन चार वर्षं झाली नि बाई पुणेकर झाल्या.

वेलांटी_पहिली:
ताई, सूट घेऊ नका. एकदा घेतली की सोडवणाऱ्याचा आडव्या-उभ्यावरचा विश्वास उडतो. बाबांनाही काही सांगू नका, फक्त त्यांची पाळी बदला. तुम्ही त्यांना शेवटी बसवलंय. त्यांना पहिलं बसवा. जाळी आखण्याआधी शंभर-सव्वाशे शब्दांची यादी करा, ती त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि जाळीत फक्त त्या यादीतलाच शब्द जाईल असं ठरवा. यादीत लाल पेन कितीही चालू दे, काही मोडत नाही.

इंग्रजी कोडी बघून आपण फार गुंतवायला जातो. तिथे २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी धरली तरी ४०८ होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून काळी घरं सढळ हाताने टाका.

आणि हे पाठ करून ठेवा: मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. म्हणजे उभ्या शब्दाचं शेवटचं घर आडव्याच्या ऱ्हस्व अक्षरावर आणलंत की अडकलातच. तिथून शब्द सुरू करा, 'विहीर', 'विळा', 'विसावा'. शेवटच करायचा असेल तर 'आणि', 'तथापि', 'परंतु' अशी मोजकी मंडळी मदतीला येतात, पण 'आणि'ला सूत्र काय देणार?

उभाशब्द:
वरच्या उत्तराला जोड. 'वि'च्या खाली दोन घरं मोकळी असतील तर 'रवी'चा 'रविवार' करा. समासात तो ऱ्हस्वच राहतो. 'गुरु'चा 'गुरुजी'. कविता, रुमाल जागच्या जागी.

दुसरं, जाळी पक्की झाली की तिला कुलूप. सूत्र लिहिणाऱ्याने शब्द बदलायचा नाही, बदल मागायचा, आणि जाळी ज्याच्या हातात आहे त्याने हो-नाही म्हणायचं. आमच्या ग्रुपवर तिघांनी एकाच शीटमध्ये एकाच रात्री दुरुस्त्या केल्या होत्या. सकाळी कुणाचंच कोडं उरलं नव्हतं. शीटमध्ये अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावू नका, 'शिक्षा' दोन घरांचा शब्द, यंत्र त्याचे सहा मोजतं.

'गेर' ठेवा. स्मरणिका कुणाची? इंदूरची. फक्त त्यातल्या 'गे'ला आणि 'र'ला छेदणारे उभे शब्द पुणेकरांनाही येतील असे असू द्यात, म्हणजे न कळताही भरता येईल.

रामबागकर:
'रविवार' बसला! खाली एकच घर मोकळं होतं, त्याच्या खालचं काळं घर खोडलं, काही बिघडलं नाही. यादी काल रात्री बाबांच्या हातात दिली. त्यांनी १२२ पैकी १९ शब्द खोडले आणि वर आपले ३० घातले, त्यात 'तथापि' आहेच.

'शिक्षा'वरून काकूंना सूत्र सुचलं: 'हिंदीत घ्यावी, मराठीत भोगावी'. बाबा हसले, म्हणजे पास. काकू चहाला थांबल्या.

आता भाचा म्हणतोय की जाळी उलटी धरली तरी काळी घरं तशीच दिसली पाहिजेत, इंग्रजीत असतं तसं. त्या एका खोडलेल्या घराने ते बिघडलंय. पाळायलाच हवं का हे?

वेलांटी_पहिली:
नाही. २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलेलं पहिलं कोडं तर चौकोनीसुद्धा नव्हतं, हिऱ्याच्या आकाराचं होतं. भाच्याला म्हणावं, तुझं पुढच्या वर्षी. आणि छापायला देण्याआधी चौघांपैकी नसलेल्या एखाद्याला, जमलं तर नणंदेच्या सासरी, सोडवायला द्या. 'गेर'चं तिथेच कळेल.